वर्गातून आलेली चाचणी

गुरुग्राममध्ये एखाद्या मुलाची एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या अडचणीसाठी, तपासणी झाली की आईवडिलांच्या हाती एक जाडजूड फाइल पडते. शाळेच्या काउन्सेलरची चिठ्ठी, घरी भरलेला एक फॉर्म, वर्गशिक्षिकेने भरलेला दुसरा, बुद्ध्यांकाचा तक्ता, कधी कॉम्प्युटरवर घेतलेल्या चाचणीचा आलेख, वाचन-लेखनाच्या तपासणीचे कागद, आणि शेवटी सही-शिक्क्याचा रिपोर्ट. ही फाइल चाळताना पालकांना हमखास एक प्रश्न पडतो: यात लॅबचा कागद कुठे आहे? तो नसतोच. कान, डोळे, थायरॉइड तपासायला सांगतात ते दुसरं काही दुखणं नाही ना, हे पाहायला. एडीएचडी रक्तातून कळत नाही आणि मेंदूच्या स्कॅनवरूनही ठरत नाही. ज्या शहरात प्रत्येक गोष्टीचा डॅशबोर्ड असतो तिथल्या माणसाला हे पचायला जड जातं.

मग या फाइलमध्ये असतं काय? साक्षी असतात. कोणी काय पाहिलं, किती वेळा पाहिलं, कुठे पाहिलं. आणि या साक्षी नोंदवायचे जे कागद आहेत त्यांचं मूळ शोधत गेलं की दिसतं, यातले बहुतेक कागद एडीएचडीसाठी जन्मलेच नव्हते.

चुळबुळ्या, विसराळू, एका जागी न टिकणारी मुलं डॉक्टरांच्या लिखाणात तशी जुनी आहेत. जर्मनीत मेल्किओर अॅडम वायकार्डने १७७५ मध्ये लक्ष न टिकण्याबद्दल लिहिलं. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टनने १७९८ मध्ये त्यावर एक सबंध प्रकरण खर्ची घातलं. पण हे वर्णन झालं, चाचणी नव्हे. मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तीन व्याख्यानं दिली आणि ४३ मुलांची हकीकत मांडली. त्यातली २० मुलं बुद्धीने व्यवस्थित होती. त्या विसांत मुलगे १५ आणि मुली पाच. स्टिलने या दोषाला नैतिक नियंत्रणाचा अभाव म्हटलं. आज हे शब्द कानाला टोचतात, पण मुलगा वाया गेलाय असं म्हणून विषय संपवण्याच्या काळात तो बुद्धी शाबूत असूनही असा का वागतो, हा प्रश्न एका डॉक्टरने भर सभेत विचारला, ही गोष्ट लहान नाही.

पुढचा धागा अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये सापडतो. तिथल्या ब्रॅडली होम या मुलांच्या संस्थेत मेंदूचा एक्स-रे काढताना पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरत. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर इलाज म्हणून चार्ल्स ब्रॅडलीने बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. डोकेदुखीवर त्याचा काही उपयोग झाला नाही. पण संस्थेतल्या शाळेच्या शिक्षकांच्या ध्यानात आलं की काही मुलं अचानक नीट अभ्यास करू लागली आहेत. ब्रॅडलीने मग हे औषध ३० मुलांवर नीट तपासलं आणि जवळजवळ निम्म्या मुलांत ठळक फरक दिसल्याचं १९३७ मध्ये छापलं. मुलांनी गोळ्यांचं नाव ठेवलं होतं गणिताच्या गोळ्या. औषध आधी सापडलं आणि आजाराची व्याख्या त्यानंतर चाळीसेक वर्षांनी स्थिरावली, हा क्रम मला फार बोलका वाटतो. आणि फरक पहिल्यांदा कोणाला दिसला? मास्तरांना.

फाइलमधला शिक्षिकेचा फॉर्म थेट याच वाटेने आला आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये लिऑन आयझेनबर्ग आणि सी. कीथ कॉनर्स मुलांवर औषधांचा परिणाम पाहत होते. औषध लागू पडलं की नाही, हे मोजायचं कशाने? मूल दिवसातले पाच-सहा तास ज्याच्या नजरेसमोर असतं त्याला विचारायचं. कॉनर्सने १९६९ मध्ये शिक्षकांसाठी ३९ विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे चार पर्याय: मुळीच नाही, थोडंसं, बरंच, खूपच. लेखाच्या शीर्षकातच लिहिलं होतं की ही श्रेणी औषधांच्या अभ्यासासाठी आहे. पुढे तीच, सुधारत आणि वाढत, निदानाच्या कामाला जुंपली गेली. आजही कॉनर्स किंवा त्याच्या धर्तीवरचा व्हँडरबिल्ट फॉर्म भरल्याशिवाय फाइल पुरी होत नाही. खुद्द कॉनर्स म्हातारपणी, २०१३ च्या सुमारास, अमेरिकेत हे निदान किती सढळ हाताने होतंय याबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवत होते. ते २०१७ मध्ये वारले.

कॉम्प्युटरवरच्या चाचणीचं कुळ वेगळं. रोझव्होल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तिचं मूळ रूप तयार केलं ते मेंदूला इजा झालेली माणसं ओळखायला. पडद्यामागून एकेक अक्षर सरकतं. एक्स दिसला की बटण दाबायचं. अवघड फेरीत ए नंतर आलेल्या एक्सलाच दाबायचं. बाकी काही नाही, आणि हेच लांबवत न्यायचं. कंटाळा हाच या चाचणीचा कच्चा माल. दाबायला हवं तिथे दाबलं नाही तर लक्ष सुटलं. दाबायला नको तिथे दाबलं तर हात आवरला नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लसने ही आणि अशा चाचण्या चळवळ्या मुलांवर वापरल्या आणि १९७२ मध्ये ठामपणे मांडलं की यांची खरी अडचण धावपळ नाही. लक्ष टिकवणं आणि स्वतःला थोपवणं हीच अडचण आहे. तोवर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या निदानग्रंथात १९६८ पासून अतिचंचलतेचं नाव होतं. १९८० च्या आवृत्तीत लक्षाची कमतरता शीर्षकात आली. १९८७ मध्ये एडीएचडी हे आजचं नाव पडलं.

तरीही या यंत्राच्या आलेखावर फार भिस्त ठेवू नये, असं कुठलाही अनुभवी डॉक्टर सांगेल. शांत खोली, शेजारी एकच माणूस, समोर नवं कोरं यंत्र: एडीएचडी असलेलं मूलही एवढ्यापुरतं छान बसू शकतं. त्याची गडबड होते ती चाळीस मुलांच्या वर्गात, शेवटच्या तासाला.

डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीपासून यादी स्थिर आहे: लक्षाची नऊ लक्षणं, चंचलता आणि उतावळेपणाची नऊ. एका गटातली निदान सहा हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास दिसायला हवा. म्हणून फॉर्म दोन असतात. गुरुग्राममध्ये इथेच पहिली मेख बसते. आई-बाबा दोघंही सायबर सिटीतल्या ऑफिसात, मूल दुपारपासून सांभाळणाऱ्या दीदीच्या ताब्यात, आणि वर्षातले चार महिने पुण्याहून आलेल्या आजीच्या. मुलाला पाहणारे डोळे एकाचे, फॉर्म भरणारा हात दुसऱ्याचा. आजीला कोणी विचारत नाही, कारण फॉर्म इंग्रजीत आहे. चांगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तिलाही खुर्ची देतो आणि हिंदीत का होईना, विचारतो.

आता बुद्ध्यांकाचा तक्ता. एडीएचडी ठरवायला बुद्ध्यांक लागत नाही, पण मुलाचं मागे पडणं कशामुळे आहे हे वेगळं काढायला लागतो. हा कागद गुरुग्राममध्ये दिसला की मराठी माणसाने जरा सावरून बसावं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये, कोणत्या मुलाला शाळेत वेगळी मदत लागेल हे ओळखायला, पहिली मापनश्रेणी केली. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये तिचं स्टॅनफर्ड रूप केलं. ते आपल्याकडे आणलं व्ही. व्ही. कामत यांनी, धारवाडला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात. कामतांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या प्रश्नांची फेरमांडणी केली आणि १९३४ मध्ये ब्रिटनच्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात तिचा वृत्तांत छापून आणला. पुस्तक १९४० मध्ये आलं. आजही देशभरच्या सरकारी इस्पितळांत बिने-कामत या जोडनावाने ती वापरली जाते. धारवाडच्या मुलांवर तोललेले प्रश्न इतकी दशकं चालावेत का, हा प्रश्न वेगळा आणि रास्त आहे.

दुसरी चाचणी नागपूरची. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रातल्या आर्थर मालिन यांनी वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ मध्ये तयार केलं. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. क्लिनिकमध्ये तिला नुसतं मिसिक म्हणतात, आणि ती घेणाऱ्या कितीजणांना त्यातला एम नागपूरचा आहे हे ठाऊक असेल, शंका आहे. तिच्यात आकडे ऐकून ते सुलट आणि उलट म्हणून दाखवायचा भाग आहे. ऐकलेले आकडे म्हणून दाखवायचा प्रकार जुना. जेकब्सने लंडनमध्ये शाळेतल्या मुलींवर तो १८८७ मध्ये करून पाहिला होता. एडीएचडीच्या मुलाचा तक्ता बऱ्याचदा इथेच खाली झुकतो: शब्दांचे अर्थ फटाफट सांगतो, आणि उलटे आकडे म्हणताना चौथ्या आकड्याला गडबडतो. एकूण बेरीज मात्र सगळं झाकून टाकते. म्हणून पालकांनी बुद्ध्यांकाचा एकच आकडा वाचून फाइल मिटू नये, मधली पानं पाहावीत.

वाचन-लेखनाचे कागद गुरुग्रामच्याच मातीतले. जिल्ह्यातल्या मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने डाली नावाचा चाचणीसंच तयार केला आणि तो २०१५ मध्ये बाहेर आला. सुरुवातीच्या भाषा चार: हिंदी, इंग्रजी, कन्नड आणि मराठी. आधी शिक्षकांनी भरायची चाळणी, पहिली-दुसरीची वेगळी आणि तिसरी ते पाचवीची वेगळी, आणि त्यानंतर मानसशास्त्रज्ञाने घ्यायच्या चाचण्या. डाली डिस्लेक्सियासाठी आहे, एडीएचडीसाठी नाही. पण दोन्ही अडचणी एकाच मुलात पुष्कळदा हातात हात घालून येतात, आणि वाचता येत नाही म्हणून चुळबुळणारं मूल व चुळबुळीमुळे वाचन राहिलेलं मूल वर्गात अगदी सारखं दिसतं. काना-मात्रेच्या लिपीत अडखळणं हे इंग्रजी स्पेलिंग चुकण्यापेक्षा वेगळं असतं. ते इंग्रजी चाचणीत सापडायचं कसं?

खास एडीएचडीसाठी देशी साधनही झालं आहे. दिल्लीच्या इन्क्लेन ट्रस्टने देशातल्या अनेक तज्ज्ञांना एकत्र बसवून सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी निदानाची प्रश्नावली केली. तिची पडताळणी २०१४ मध्ये इंडियन पीडियाट्रिक्समध्ये छापली गेली. तिचा उद्देशच असा की, जिथे मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही तिथल्या डॉक्टरलाही आईशी बोलून आणि मुलाला पाहून निर्णय करता यावा. इन्क्लेनच्या मेंदूविकासाच्या मोठ्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांची ३९६४ मुलं तपासली गेली, पाच ठिकाणी. एक ठिकाण हरियाणातलं पलवल, गुरुग्रामपासून फार लांब नाही. एक उत्तर गोवा. गंमत अशी, की पलवलच्या खेड्यातल्या मुलाला देशी मापाने तपासलं जातं आणि गोल्फ कोर्स रोडवरच्या मुलाला बहुतेकदा अमेरिकन.

माप कुठलंही घ्या, शाळेचा वर्ग त्यात शिरतोच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या, २०१२ मध्ये निष्कर्ष आला: डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान ३० टक्के जास्त होत होतं, मुलींना ७० टक्के. साडेपाच वर्षांच्या मुलाची तुलना साडेसहाच्या मुलाशी झाली, आणि लहानपण लक्षण म्हणून नोंदलं गेलं. नर्सरीचा प्रवेश हुकू नये म्हणून मुलाला ढकलून पुढे बसवणाऱ्या आपल्या शहरांतही फॉर्म वाचण्याआधी जन्मतारीख वाचावी.

या सगळ्या कागदांत सरकारदरबारी चालतो कोणता? महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. देशात ते पहिलं राज्य. नंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आली. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ हवा तर पालक वाचन-लेखनाच्या कागदांवर भर देतात, आणि अध्ययन-अक्षमतेच्या दाखल्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या निकषांत बुद्ध्यांक मोजायला नागपूरचं मिसिक नावानिशी होतं.

हल्ली गुरुग्रामच्या दवाखान्यांत मुलांना आणणारे पालक स्वतःसाठीही वेळ मागतात. मुलाचा फॉर्म भरता भरता बापाला आपलीच लक्षणं दिसू लागतात. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची यादी २००५ पासून आहे, त्यातले पहिले सहा चाळणीचे. ते मेट्रोत उभ्या उभ्या फोनवर भरून होतात. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाही. प्रौढाला पाच लक्षणं पुरतात, मात्र बाराव्या वर्षाआधी काही लक्षणं दिसत होती याचा पुरावा हवा. २०१३ पर्यंत ही अट सातव्या वर्षाची होती. मग सांगलीला नाहीतर अकोल्याला फोन जातो. माळ्यावरची प्रगतिपुस्तकं शोधून त्यांचे फोटो मागवले जातात, आणि शेऱ्याच्या रकान्यात इयत्तेमागून इयत्ता तेच दिसतं: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. ते मास्तर नकळत फॉर्म भरून गेलेले असतात. आईला स्पीकरवर घेऊन डॉक्टर विचारतो, लहानपणी कसा होता? ती सांगते, चांगला होता हो, अगदी त्याच्या वडिलांसारखा, तेही कुठे एका जागी बसत. डॉक्टर हे कुटुंबाच्या इतिहासाच्या रकान्यात लिहून घेतो आणि पुढचा प्रश्न विचारतो.