आतड्यातले जिवाणू आणि आपले पोट : म्हसळ्याच्या वाड्यांसाठी माहिती

म्हसळा तालुका असो की मुंबईतली खोली, जुलाब लागले की आपण मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो आणि कामाला लागतो. त्यात बऱ्याचदा अँटिबायोटिक असते. म्हणून आतड्यातल्या जिवाणूंचे काम आपल्या तरुणांना माहीत हवे.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. भाकरी, कडधान्य, भाजी यांतला न पचलेला चोथा ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराला त्यांतून ऊर्जा मिळते. चांगल्या जिवाणूंनी जागा व्यापलेली असली की रोगजंतूंना सहज शिरकाव मिळत नाही.

या जिवाणूंचे अन्न आपल्या घरातच आहे : नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, पालेभाजी. ताकात जिवंत जिवाणू असतात. आंबोळीचे पीठ आंबते खरे, पण तव्यावर ते जिवाणू मरतात. पाकिटातल्या कुरकुरीत खाऊत चोथा जवळजवळ नसतोच.

अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर चांगले जिवाणूही मारते. घडी पुन्हा बसायला काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. लहान मुलांचे जुलाब पुष्कळदा विषाणूमुळे होतात, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. तिथे ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या, हाच उपाय. शौचातून रक्त पडले, ताप चढला, मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा. पाकिटावर लाल उभी रेषा असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी दिले असेल, तर मनाने अर्ध्यात सोडू नये.

मात्र पाणीच दूषित असेल, तर आहार एकटा काय करणार? २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तो समतेचा लढा होता. आज प्रत्येक वाडीला शुद्ध पाणी मिळणे हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मानतो. विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, पाण्याचा नमुना कधी तपासला, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी मागा.