पंधरा मिनिटांचा भरवसा

चार वर्षांच्या मुलासमोर एक मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई, ठेवलेली आहे. "मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील," असे सांगून बाई खोलीबाहेर जातात. मूल किती वेळ थांबेल? आत्मसंयमाची कसोटी म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. त्याचे मूळ मात्र वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर आहे.

तेथे वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने सात ते नऊ वर्षांच्या शाळकरी मुलांना विचारले : लहान मिठाई आत्ता हवी, की मोठी पुढच्या आठवड्यात? त्यांत आफ्रिकी वंशाची मुले होती, तशीच भारतातून मळ्यांवर नेलेल्या मजुरांची वंशजही होती. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वडील घरी नसलेल्या मुलांचा ओढा 'आत्ता'कडे अधिक दिसला. शब्द देणारा तो पाळेल असे वाटले, तरच मूल थांबते, हा मुद्दा मिशेलने पुढे वारंवार मांडला. दुर्दैवाने लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त मार्शमॅलो!

तो आला स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालवाडीत, १९६०च्या दशकाच्या अखेरीस. खाऊ डोळ्यांसमोर असला की मुलांचा धीर लवकर सुटे. झाकून ठेवला की ती बरीच जास्त थांबत. काही मुले डोळे झाकून घेत, काही गाणी म्हणत. म्हणजे संयम हा निव्वळ मनाचा निग्रह नव्हे, लक्ष दुसरीकडे वळवण्याची ती युक्तीही आहे, आणि युक्ती शिकवता येते.

१९९० साली याच मुलांविषयी बातमी आली : अधिक थांबलेल्यांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळाले. हा संबंध जेमतेम ३५ मुलांच्या गुणांवर आधारलेला होता, हे सांगायचे बहुतेक जण विसरले. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांना पंधराव्या वर्षीच्या शैक्षणिक प्रगतीशी असलेला संबंध निम्माच आढळला; घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा ओसरला.

त्याआधी, २०१३ मध्ये, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रॉचेस्टर विद्यापीठात २८ मुलांचे दोन गट केले. प्रत्येकाला आधी चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे आश्वासन दिले. एका गटात ते पाळले. दुसऱ्यात "नाही मिळाले" म्हणून हात हलवत परत आले. मग मार्शमॅलो ठेवला. पहिल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, दुसऱ्यातील ३. पूर्ण पंधरा मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९ निघाली, दुसऱ्यात एकच.