निजायच्या वेळची पोथी

आमच्या सांगोल्याकडं पोथी लागायची. आषाढीची वारी करून माणसं पंढरपुराहून परतली की मारुतीच्या देवळात पोथी लागे, ती कार्तिकीपर्यंत चाले. वेळ एकच, रात्रीची जेवणं झाल्यावर. दिवसभर खुरपून, गुरांमागं हिंडून, नांगर धरून आलेली माणसं घोंगडं खांद्यावर टाकून यायची आणि खांब बघून टेकायची. बायका मागच्या बाजूला भिंतीकडं बसायच्या. कंदिलाची काच पुसली जायची, लाल फडक्याची गाठ सुटायची आणि तात्या वाचायला लागायचे. तासाभरात निम्मी मंडळी पेंगायला लागत. त्यांना कुणी हलवून जागं करत नसे. पोथीत झोप लागली म्हणजे पाप लागलं, असं आमच्याकडं कुणी मानलं नाही.

शहरात गेल्यावर मला पुष्कळांनी विचारलं, की दरवर्षी तीच पोथी कशी ऐकायचे? पुढं काय होणार ते माहीत असताना? प्रश्न रास्त आहे. पण पुढं काय होणार ते माहीत असायचं म्हणूनच ती माणसं यायची. दमलेल्या माणसाला नवं काही नको असतं. नव्या गोष्टीसाठी कान टवकारून बसावं लागतं. जुनीसाठी नुसतं बसलं तरी भागतं. आमच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या गावाला हे पिढ्यान् पिढ्या कळत होतं.

ज्या पोथ्या गावोगाव लागत, त्यातल्या बऱ्याच एकाच माणसाच्या हातच्या. श्रीधर कवी. त्यांचं मूळ गाव नाझरे, आमच्याच सांगोला तालुक्यातलं, माणगंगेच्या काठचं. पुढं त्यांचं राहणं पंढरपुरात झालं. १७०२ साली 'हरिविजय', त्याच्या पुढच्याच वर्षी 'रामविजय', १७१२ ला 'पांडवप्रताप' आणि १७१८ ला 'शिवलीलामृत'. त्या काळात पंडित कवींची शब्दांची कसरत जोरात होती. श्रीधरांनी ती वाट धरली नाही. त्यांची ओवी सोपी, तोंडात बसणारी. नांगऱ्याला कळावी आणि नातवंडाला मांडीवर घेऊन बसलेल्या म्हातारीलाही कळावी, अशी. मोठे तत्त्वज्ञ म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण जितक्या घरात त्यांच्या पोथ्या शिरल्या तितक्या घरात फार थोड्या मराठी लेखकांना जाता आलं.

आधी या पोथ्या हातानं उतरून घेतल्या जात. एक पोथी उतरवायला महिनेच्या महिने लागत, म्हणून ती देवळात, वाड्यात किंवा मठातच असायची. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पुढं शिळाप्रेसवर आणि मग खिळ्यांच्या छापखान्यांत पोथ्या निघू लागल्या, जत्रेत, वारीत विकायला आल्या. गंमत अशी, की छापखाना आला तरी बांधीव पुस्तकाचा आकार पोथीनं लवकर घेतला नाही. तीच आडवी लांब सुटी पानं, तेच टपोरं अक्षर. लोकांना तसंच हवं होतं. कंदिलाच्या उजेडात, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना ते अक्षर वाचता येई, आणि पान उलटताना साऱ्या देवळाला दिसे.

'पांडवप्रताप' ६४ अध्यायांचा. चातुर्मासाच्या रात्री साधारण सव्वाशे. म्हणजे एक अध्याय दोन रात्री पुरवायचा, हा हिशेब तात्यांच्या डोक्यात पक्का असायचा. ते स्वतः शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले. एक ओवी सुरात म्हणायचे, मग तिचा अर्थ आमच्या बोलीत सांगायचे. भीमाची भूक सांगताना गावातल्या एखाद्या खादाड गड्याकडं बघायचे आणि सगळं देऊळ हसायचं. हा विनोदही दरवर्षीचाच. तो यायच्या आधीच माणसं हसायला तयार होऊन बसत.

१९७२ च्या दुष्काळानं या रिवाजाची परीक्षा घेतली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीला नाहीतर बाजाराला गेली. घराघरातली बाप्ये आणि बायका पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. खायला लाल मिलो, पोरांना सुकडी. उन्हाळ्यात पोथी लावायची रीत नव्हती, पण त्या उन्हाळ्यात लागली. रॉकेल महाग, म्हणून रोज एका घरानं कंदिलापुरतं द्यायचं ठरलं.

तात्यांनी पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. वनवास आला, आणि द्रौपदीच्या थाळीची कथा आली. सूर्यानं दिलेली थाळी. द्रौपदी जेवेपर्यंत तिच्यात अन्नाला तोटा नाही. तिचं जेवण होऊन थाळी घासून पालथी घातली, अन् दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन दारात. मग कृष्ण येतो, थाळीच्या काठाला चिकटलेलं भाजीचं एक पान खातो, आणि तिकडं नदीवर सगळ्यांना तृप्तीचे ढेकर येतात. दुसऱ्या रात्री तात्या पुढचं पान काढायला लागले तेव्हा मागून आवाज आला, "तात्या, फुडचं नगं. कालचंच घ्या." त्यांनी तेच घेतलं. त्या उन्हाळ्यात ती कथा किती वेळा वाचली गेली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

हाताला फोड आलेली, अर्धपोटी माणसं ती ढेकराची गोष्ट ऐकत बसायची. अशी थाळी आपल्या घरी येईल, असं त्यांतल्या एकालाही वाटत नव्हतं. सकाळी उठून परत घण हातात घ्यायचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. माझी आज्जी एकदा घरी येताना म्हणाली, "प्वाट भरत न्हाई त्येनं, पर झोप लागती." पोथीबद्दल यापेक्षा खरं मी कुठं वाचलेलं नाही. विवेकाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, की अशा कथांनी माणूस दैवावर भार टाकून बसतो. आमच्या गावात तरी तसं झालं नाही. रात्री थाळी ऐकणाऱ्यांनीच दिवसा तो तलाव बांधला.

पण या देवळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळं गाव पोथीला यायचं असं म्हणायची सवय आहे, आणि ते खोटं आहे. जुन्या काळी महारवाड्यातली माणसं देवळाच्या पायऱ्यांखाली, अंधारात उभी राहून ऐकायची. दमायची ती सगळ्यांत जास्त, आणि टेकायला खांब मात्र त्यांना नव्हता. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मागं, १९५७ साली इंग्रजीत निघाला. पुढं तो मराठीत आला. गावोगावच्या विहारांत वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तो वाचायची रीत पडली. पावसाळ्याचे तेच दिवस, दिवसभर राबलेली माणसं, एक वाचणारा आणि बाकीचे ऐकणारे. दरवर्षी तोच ग्रंथ नव्यानं सुरू होतो. फक्त आता बसायला आपली जागा आहे, आणि ग्रंथ आपला आहे.

पुढं शाळा वाढल्या, पोरं वाचायला शिकली आणि पोथी देवळातून घरात, घरातून उशाशी आली. १९६७ चा ग्रंथालय कायदा झाला, खेड्यातल्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. आमच्याकडं एका खोलीत दोन कपाटं आली. त्यातली कुठली पुस्तकं फाटेपर्यंत फिरली, ते बघण्यासारखं आहे.

'श्यामची आई' सगळ्यांत आधी फाटलं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२ रात्री. दिवसाचं काम संपवून आश्रमातली मंडळी बसतात आणि श्याम सांगतो. ती पोथीचीच मांडणी आहे, म्हणून आमच्या माणसांना ते पुस्तक परकं वाटलं नाही. १९५२ पासून मराठीत येणाऱ्या 'चांदोबा'तल्या विक्रम-वेताळाचं तसंच. विक्रम झाडावरून प्रेत काढतो, गोष्ट होते, राजाचं मौन सुटतं, वेताळ परत झाडावर. मधली गोष्ट बदलते, झाड तेच. पोरं ते झाड आलं की निजायची. मोठ्यांच्या उशाशी व्यंकटेश माडगूळकरांचं १९४९ चं 'माणदेशी माणसं' असायचं. आमच्या शेजारच्याच आटपाडी भागातली माणसं, एका रात्रीला एक पुरे. त्यातलं दुःख कमी नाही. पण ते कुठल्या पानावर भेटणार ते ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेलं दुःख रात्री दचकवत नाही.

मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्यांनीही ही सवय ट्रंकेत घालून नेली. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-पंचवीस माणसं. रात्रपाळीवाला उठला की त्या जागी दुसरा आडवा व्हायचा. तिथं कुणाच्या उशाशी हरिपाठ, कुणाच्या उशाशी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. झुंजार अडचणीत सापडला तरी मरत नाही, एवढा भरवसा पाठ टेकायला पुरायचा.

दमून आल्यावर उशाशी काय ठेवावं, असं आजही कुणी विचारलं तर गावाच्या या जुन्या शहाणपणाकडंच बोट दाखवीन. कुठूनही उघडलं तरी आपण कुठं आहोत ते कळावं. तुकडा लहान असावा, मध्येच डोळा लागला तर काही हुकू नये. भाषा आपल्या माणसाच्या बोलण्यासारखी असावी. आणि ते पुस्तक आपण आधी वाचलेलं असावं. दिवसा डोकं ताजं असताना नवं, अवघड, भांडण उकरणारं खुशाल वाचावं; तेही वाचलंच पाहिजे. रात्रीचं काम वेगळं.

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. देवळात आता सप्ताहापुरतं वाचन होतं, रात्रीची पोथी टीव्ही आल्यावर मोडली. पण त्यांचा 'पांडवप्रताप' त्यांच्या नातीनं जपून ठेवलाय, त्याच लाल फडक्यात. मध्यंतरी तिनं मला तो दाखवला. युद्धाची पानं बरीच कोरी-करकरीत आहेत. थाळीच्या कथेची पानं मात्र उजव्या कडेला काळी पडलीत, आणि एका पानावर रॉकेलचा डाग आहे.