पोरं कुणाची?

मारहाण असह्य झाली म्हणजे एखादी बाई माहेरची वाट धरायला निघते. पण तिचा पाय उंबऱ्यातच अडतो, तो पोरांपायी. ‘जायचं तर जा, पोरं मिळायची नाहीत!’ ही धमकी काठीपेक्षा जबर असते. एके काळी इंग्लंडात या धमकीला कायद्याचाच आधार होता. तो कसा ढळला, ते आज सांगतो.

कॅरोलाइन ही नाटककार शेरिडन यांची नात. १८२७ साली जॉर्ज नॉर्टन नावाच्या बॅरिस्टराशी तिचं लग्न झालं. नवरा हात उगारी. ती लेखणीच्या कमाईवर संसाराला हातभार लावी. तीन मुलगे झाले. १८३६ साली भांडण विकोपाला गेलं, तेव्हा नवऱ्याने मुलं परस्पर दूर धाडली आणि पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांचे आपल्या बायकोशी अनैतिक संबंध आहेत, असा दावा लावला. ज्यूरीने तो फेटाळला. बाईवरचा डाग गेला, पण मुलं काही मिळाली नाहीत. कारण कायद्याने मुलं बापाची! बाप कसाही असो, आईला साधी भेट मागण्याचाही हक्क नव्हता.

कॅरोलाइनने पुस्तिका लिहिल्या, पार्लमेंटच्या सभासदांना गाठलं. टॅलफोर्ड या सभासदांनी विधेयक आणलं. १८३८ साली लॉर्डांच्या सभागृहात ते पडलं. १८३९ साली मंजूर झालं. सात वर्षांखालील मुलांचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट, यासाठी आईला कोर्टात अर्ज करता येऊ लागला. व्यभिचार शाबीत झालेल्या आईला मात्र ती मुभा नव्हती.

पण नवऱ्याने मुलं स्कॉटलंडात नेली होती. तिथे हा कायदा चालत नव्हता. १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. आई पोचली, तेव्हा तो गेला होता.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ असावं असं सांगितलं, आणि मुलाचं हित सर्वांत वर मानलं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. ही माहिती गुरुजींनी आणि बाईंनी गावात अवश्य सांगावी. ‘पोरं कुणाची?’ हा प्रश्न जुना झाला. पोरांचं भलं कुठे आहे, एवढंच आता विचारायचं.