‘निर्बंध’ आणि ‘बंदी’ : मालवण किनाऱ्यावरील एका इंग्रजी क्रियापदाचा इतिहास

इंग्रजीतील ‘रिस्ट्रिक्ट’ हे क्रियापद लॅटिनमधून आले असून मागे ओढून बांधणे हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीत त्यासाठी रूढ झालेल्या ‘निर्बंध’ या शब्दातही बांधण्याचीच कल्पना आहे. तथापि एवढ्या साम्यावरून दोहोंचा इतिहास एक मानणे सयुक्तिक होणार नाही. संस्कृतात ‘निर्बंध’ म्हणजे प्रामुख्याने आग्रह, हट्ट. मराठीत हट्ट मागे पडून अटकाव पुढे आला आणि संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातील ‘वाजवी निर्बंधां’मुळे त्यास कायदेशीर प्रतिष्ठाही लाभली.

शब्दाची खरी कसोटी मात्र कोशात लागत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षी अस्तित्वात आला. अधिनियमाच्या चौथ्या कलमाने शासनास दिलेला अधिकार इंग्रजीत तीन क्रियापदांनी सांगितला आहे : ‘रेग्युलेट’, ‘रिस्ट्रिक्ट’ व ‘प्रोहिबिट’. पहिल्याने वळण लावावयाचे, तिसऱ्याने थांबवावयाचे. मधल्याचे काम सर्वांत नाजूक. ते कृती चालू ठेवते. पण क्षेत्र, काळ, संख्या वा साधन यांचे कुंपण तिच्याभोवती घालते. म्हणूनच इंग्रजीत हे क्रियापद बहुधा ‘टू’ या अव्ययाची सोबत मागते : अमुक गोष्ट तमुकापुरती. मराठीत ‘निर्बंध घालणे’ म्हणताना हे ‘पुरते’ गळून पडते. उरतो तो निव्वळ अटकाव, आणि अटकावाला लोकव्यवहारात एकच नाव : बंदी.

१९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा हा घोळ प्रकर्षाने दिसून आला. त्यास लागू होणाऱ्या १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या २७व्या कलमात प्रवेशावर केवळ ‘रिस्ट्रिक्शन’ आहे, व त्यास अपवादही आहेत. पण ज्याची चूल समुद्रावर चालते त्याला कलमातील अपवाद प्रथम दिसावेत, ही अपेक्षाच अवास्तव होती. किनाऱ्यावर विरोध झाला तो बंदीलाच.

वस्तुतः कालमर्यादेची कल्पना येथे परकी नव्हती. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून दर्यावर जावयाचे, ही रीत कायद्याहून जुनी. शासनाच्या पावसाळी बंदीची अखेरही पूर्वी नारळी पौर्णिमा वा १५ ऑगस्ट यांपैकी आधी येणाऱ्या दिवसाशी जोडलेली होती. म्हणावयाची ‘बंदी’; अर्थाने ती ‘रिस्ट्रिक्ट’च.

पुढे ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती ठेवली आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत उतरविण्याचे ठरविले. हे दुसरे क्रियापद. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी वर्ज्य केली, हे तिसरे. दोहोंतील अंतर २०२१च्या दुरुस्तीतील दंडांतही उमटले आहे : पर्ससीनच्या उल्लंघनास १ ते ६ लाख रुपये, एलईडीस ५ ते २० लाख.

रापणकरांची तक्रार या भेदाने मिटत नाही. रापण किनाऱ्यावरून, अनेक घरांच्या हातांनी ओढली जाते. मासा किनाऱ्याकडे येईल तरच ती भरते. पावसाळा सरल्यानंतरचे महिने बांगड्याचे, आणि पर्ससीनला मोकळे ठेवलेले चार महिनेही तेच. शासनाच्या लेखी जे ‘पुरते’ होते, ते रापणकराच्या लेखी हंगामच होते.