सुवर्णकण आणि कर्कपेशी : एक ऐतिहासिक टिपण

शहापूरचा कर्करुग्ण आसनगावहून लोकलने, तर मुरबाडचा रुग्ण एस.टी.ने कल्याण गाठून परळला जातो. तेथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली परळमध्येच कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. सोन्याचा कण कर्कपेशीत कसा शिरतो, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील धागा या परंपरेशी जोडलेला आहे.

स्वर्णभस्मात अतिसूक्ष्म सुवर्णकण आढळतात हे खरे. परंतु त्यावरून पूर्वजांना नॅनोतंत्र अवगत होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कणाचे आकारमान व त्याची पेशीतील वाट दाखविणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विसाव्या शतकातला आहे. १८५७ मध्ये फॅरडेने सोन्याचे माणकासारखे लाल कलिल अभ्यासले. पुढे शतकभराने किरणोत्सारी सुवर्णकलिल रुग्णांना टोचले जाऊ लागले, तेव्हा कण पेशीत शिरतो की नाही हा मुद्दा गौण होता, कारण किरणोत्सार शेजारूनही काम करीत असे.

पेशी आपल्या पटलाची खोलगट घडी करून बाहेरचा पदार्थ आत ओढून घेते, या क्रियेला द दूव्ह यांनी १९६३ मध्ये ‘एंडोसायटोसिस’ हे नाव दिले. टोरांटो येथील चॅन यांच्या गटाने २००६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाढविलेल्या हेला पेशींवर १४ ते १०० नॅनोमीटरचे सुवर्णकण वापरून पाहिले. सर्वाधिक शिरकाव ५० नॅनोमीटरच्या कणांचा झाला. फार लहान कण पटलावरील पुरेशा ग्राहकांना एकाच वेळी भिडत नाही आणि फार मोठ्या कणाला वेढण्यास ग्राहक अपुरे पडतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

काचपात्रातले हे यश शरीरात टिकत नाही. याच गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणारा मध्यक वाटा अवघा ०.७ टक्के भरला. बराचसा भाग यकृत व प्लीहा अडवितात. तेथे साठणाऱ्या सोन्याचे करायचे काय, हा खरा पेच.

आय.आय.टी. मुंबई आणि खारघरचे टाटा स्मारक संशोधन केंद्र यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले काम म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्यांनी मेदपुटिकेवर सोन्याचा मुलामा चढविला; अवरक्त प्रकाशाने तो तापतो, अर्बुद भाजून काढतो आणि पुटिका विघटित होऊन लहान तुकडे यकृत व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. हा प्रयोग उंदरांवरचा होता.