नोंदवहीत नसलेला बचाव

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची मुख्य साखळी म्हणजे एनबीए. तिच्या अधिकृत नोंदवहीत ‘ब्लॉक’ हा रकाना उघडला तो १९७३-७४च्या हंगामात. प्रतिस्पर्ध्याचा बास्केटकडे निघालेला चेंडू हवेतच अडवणे म्हणजे ब्लॉक. या विद्येला ज्याने खेळाच्या मध्यभागी आणून बसवले, तो बॉस्टन सेल्टिक्सचा सेंटर बिल रसेल १९६९मध्येच निवृत्त झाला होता. तेरा हंगामांत त्याच्या संघाने अकरा विजेतेपदे मिळवली, त्यांतली आठ ओळीने. पण त्याने एकूण किती चेंडू अडवले, याचा अधिकृत आकडा नाही. सामने बचाव जिंकून देतो की आक्रमण, हा वाद जुना आहे. वाद घालणारे ज्या कागदांवर विसंबतात ते कागदच एका बाजूचे आहेत, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

काळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९५०मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. सबंध सामन्यात दोन्ही संघांचे मिळून गुण सदतीस! चेंडू हातात धरून वेळ काढण्यावर बंदी नव्हती. अखेर सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने १९५४मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकण्याची सक्ती आली. खेळ एकदम धावू लागला. त्याच हंगामात बॉब कूझीच्या बॉस्टनने सामन्यामागे सरासरी १०१.४ गुण केले. शंभरी गाठणारा हा पहिला संघ. आणि निकाल? ३६ विजय, ३६ पराभव. जेवढे कमावले तेवढेच घालवले.

प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी १९५६मध्ये एड मॅकॉली हा नावाजलेला सेंटर आणि क्लिफ हेगन यांना सेंट लुइसला देऊन टाकले आणि त्या बदल्यात रसेलला मिळवण्याचा हक्क घेतला. नेमबाज देऊन अडवणारा घेतला, असा हा सौदा. १३ एप्रिल १९५७ रोजी अंतिम फेरीचा सातवा सामना त्याच सेंट लुइसशी झाला. कूझी आणि बिल शारमन या बॉस्टनच्या दोन हुकमी नेमबाजांनी मिळून चाळीस प्रयत्न केले. बास्केट झाले पाच. सामन्याच्या शेवटी सेंट लुइसचा जॅक कोलमन मोकळा सुटला होता. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून धावत आलेल्या रसेलने त्याचा चेंडू अडवला. दोनदा जादा वेळ देऊन सामना १२५-१२३ असा बॉस्टनने जिंकला. त्या दिवशीच्या तक्त्यात रसेलचे १९ गुण आणि ३२ रिबाउंड आहेत. कोलमनच्या नावापुढे एक हुकलेला प्रयत्न आहे. तो का हुकला, हे तक्ता सांगत नाही. क्रिकेटच्या स्कोअरबुकात शॉर्ट लेगच्या धाकाने न खेळलेले फटके कुठे असतात?

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावा. मेलबर्न ऑलिंपिक आटोपून रसेल डिसेंबरात संघात आला, तेव्हा बॉस्टनने २४पैकी १६ सामने आधीच जिंकलेले होते. तो आल्यानंतरच्या ४८ सामन्यांत विजय २८, म्हणजे प्रमाण उलट घसरले. आणि त्या सातव्या सामन्यात टॉम हाइनसोनने ३७ गुण केले नसते, तर तो ब्लॉक कुणाच्या लक्षातही राहिला नसता. एका हंगामावरून सिद्धांत मांडणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

खरी कसोटी १९६१-६२च्या हंगामात लागली. फिलाडेल्फिया वॉरियर्सचा विल्ट चेंबरलेन त्या वर्षी सामन्यामागे ५०.४ गुण करत होता. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी, जेमतेम चार हजार प्रेक्षकांपुढे, त्याने एकट्याने शंभर गुण केले. तरी खेळाडूंनी आपल्या मतांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडला तो रसेल. त्याची सरासरी एकोणिसाच्याही आत होती. मैदानात समोरासमोर उभे राहणाऱ्यांचा हा कौल मला कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचा वाटतो. वॉरियर्स सरासरी १२५च्या आसपास गुण करत, बॉस्टन १२१. पण वॉरियर्स देत जवळजवळ १२३, तर बॉस्टन ११२. दोघांची गाठ पडली तेव्हा सातव्या सामन्यात चेंबरलेन २२ गुणांवर अडकला आणि बॉस्टन १०९-१०७ असे जिंकले. तोही दोन सेकंद उरले असताना सॅम जोन्सने साधलेल्या बास्केटमुळे!

बॉस्टनची त्या काळची ख्याती होती ती वेगवान आक्रमणाची. १९५९-६०मध्ये तर साखळीत सर्वाधिक गुण त्यांचेच. पण वेगामुळे दोन्ही बाजूंना चेंडूचा ताबा अधिक वेळा मिळतो, गुण फुगतात. अलीकडे अभ्यासकांनी ताब्यामागे गुण किती, याचे अंदाज काढले. अंदाजच, कारण चेंडू गमावल्याच्या पुरेशा नोंदीही तेव्हा ठेवल्या जात नव्हत्या. त्या हिशेबात रसेलच्या बहुतेक वर्षांत बॉस्टनचे आक्रमण मध्यम किंवा त्याहून खालचे दिसते आणि बचाव जवळजवळ दरवर्षी अव्वल. रसेल अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. तो आपल्याच गड्याच्या हाती जाईल असा थोपवी, आणि तिथूनच कूझीची धाव सुरू होई. ज्याला लोक बॉस्टनचे आक्रमण म्हणत होते, त्याचा उगम पुष्कळदा बचावात होता. म्हणून निदान या संघापुरते माझे माप बचावाच्या पारड्यात पडते.

१९६७ साली ही मालिका तोडली ती चेंबरलेननेच. तेव्हा तो सेव्हंटीसिक्सर्सकडे होता. ६८ विजय, १३ पराभव आणि बॉस्टनवर ४-१ अशी मात. गुणांतही त्यांचा संघ साखळीत पहिला होता, तेव्हा आक्रमणवाद्यांनी हे वर्ष खुशाल आपले म्हणावे. मात्र त्याची स्वतःची सरासरी २४.१ होती, १९६२च्या निम्म्याहूनही कमी. तो आता चेंडू वाटत होता आणि बास्केटपाशी पहारा देत होता. १९७२मध्ये लेकर्सकडून दुसरे विजेतेपद मिळाले तेव्हा तर सरासरी पंधराच्याही खाली आली होती. त्यानंतर तो एकच हंगाम खेळला, १९७२-७३चा. पुढच्या हंगामात रकाना उघडला, आणि रसेलप्रमाणे त्याचेही ब्लॉक नोंदीबाहेरच राहिले.